देगलूरचं दगडफूल

दगडफूल हे नाव कुणी काढलं तरी अजून माझं डोकं सणकतं. वस्तू काय म्हणाल तर खडकांवर, झाडांच्या सालीवर धरणारे पापुद्रे. वाळले की वरून काळपट, खालून पांढुरके. कच्चं हुंगलं तर कुबट वास येतो. थेंबभर तेलावर परतलं की मात्र असा काही वास सुटतो की शेजारीण हातातलं काम टाकून विचारायला येते. आमच्याकडच्या काळ्या मसाल्याला दगडफूल नसेल तर काळा मसाला म्हणत नाहीत. त्याच्यापायी मी लातूर झालं, नांदेड झालं, देगलूर झालं, सगळं पालथं घातलं. दुकानदारांशी भांडले, सख्ख्या भावाशी अबोला धरला. आणि हे सगळं मी माझ्या हौसेनं केलं नाही, हे आधी सांगून ठेवते.

मी नोकरीमुळे लातूरला. माहेर नायगाव तालुक्यातलं एक खेडं. तिथं आईवडील, भाऊ, भावजय, शेती. लेक शहरात गेली की माहेरच्यांना वाटतं, सगळा बाजार तिच्या पदरात बांधलेला आहे. औषध तिनं आणायचं, चष्म्याची काडी तिनं बदलून आणायची, मिक्सरचं भांडं तिनं झाळून आणायचं. भावाला मोटारसायकल आहे, पण ती फक्त पानटपरीपर्यंत जाते.

भावाच्या लेकीचं लग्न ठरलं आणि मायचा फोन आला. "दगडफूल आण. चांगलं आण. मागल्या खेपेचं निस्ता पाला व्हता म्हणतेत तुझे अण्णा."

लग्न म्हटलं की आमच्याकडे आधी येसर होतो. गहू, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ खमंग भाजून दळून आणायची, मसाल्याचे सगळे जिन्नस भाजून, कुटून त्यात मिसळायचे. लग्नात आमटी त्याचीच. भावकीतल्या बायका जमतात, मुसळाला हळद-कुंकू लावतात, नवऱ्या मुलीची टिंगल करतात. आमच्या भावकीत कुणाच्याही घरचं लग्न असो, येसर मायच्या हातचा. हे कुणी ठरवलं नव्हतं, पण तसंच चालत आलेलं. दुसऱ्यांच्या लेकींचे येसर करता करता तिचे केस पिकले आणि आता कुठं तिच्या सख्ख्या नातीची पाळी आली होती.

तर मायचा हात आणि अण्णांचं नाक, अशी आमच्या घराची ख्याती. माय स्वयंपाक करताना कधी चाखत नाही. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी उष्टं करायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं की साधी भाजी असली तरी जिभेला लावणार नाही. मीठसुद्धा अंदाजानं टाकते. मग मसाला जमला की नाही, हे कोण सांगणार? अण्णा. मसाला कुटला की माय चिमूटभर त्यांच्या तळहातावर ठेवायची. ते आधी हुंगायचे, डोळे मिटायचे, मग जिभेवर ठेवायचे. "धने जरा कच्चे राहिलेत." "लवंग जास्त झाली." आणि कधीतरी, "हाव, जमलं." ते जमलं म्हणाले की माय बरणी भरायची.

पुढं पुढं गल्लीतल्या बायकाही उन्हाळ्यात आपापला मसाला घेऊन यायला लागल्या. पदराआड वाटी धरून ओसरीच्या पायरीशी उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "अण्णा, बघा की जरा." पारावरचे गडी त्यांना चिडवायचे, "काय अण्णा, बायकांच्या वाट्या हुंगता!" अण्णा हसायचे. "तुमच्या घरी जेवण गोड लागतं ते कुणामुळं, इचारा घरी," म्हणायचे. उन्हाळाभर ओसरीवर त्यांचा दरबार भरलेला असायचा.

दिवाळीच्या सुमारास अण्णांना ताप आला. चांगलंच झोपवलं त्यानं. उठले ते हडकून उठले, पण उठले, म्हणून आम्ही सगळे खुश. जेवण मात्र तुटलं. ताट बाजूला सारायचे. म्हणायचे, "ह्या मसाल्यात दगडफूल न्हाई." माय म्हणायची, घातलंय की. ते म्हणायचे, घातलं असशील, पण खोटं हाय, आजकाल सगळ्यात भेसळ करून राहिलेत. आणि भेसळ म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? तिखटात रंग, दुधात पाणी, आम्हाला पटलंच ते. शिवाय अण्णांच्या नाकावर शंका घ्यायची म्हणजे सूर्यालाच उगवायला उशीर झाला म्हणण्यासारखं. कुणाच्या मनातच आलं नाही.

मी लातूरच्या गोलाईच्या बाजारात गेले. पहिला दुकानदार म्हणाला, "मॅडम, तयार काळा मसाला न्या ना, सगळं असतं त्यात." मी म्हटलं, मला तयार नको, दगडफूल द्या. त्यानं एक पुडा काढला. निम्मी काडी, निम्मी माती. मी तोंडावर म्हटलं, हे अंगणातलं झाडून भरलंय का? तो म्हणाला, "मग चक्रीफूल न्या. तेबी फूलच हाय." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पुढच्या दुकानात संपलेलं. त्याच्या पुढच्यात मालक जेवायला गेलेला आणि गल्ल्यावरच्या माणसाला दगडफूल म्हणजे काय हेच माहीत नाही. मोबाइलवरून मागवलं तर सुंदर डबीत नुसता भुगा आला. डबीचं झाकण मात्र अगदी घट्ट.

ऑफिसात सांगितलं तर तिथं सल्ल्यांचा पाऊस. एक म्हणाली, शहाजिरं थोडं जास्त घाल, कळत नाही. दुसरी म्हणाली, तमालपत्र चांगलं करपवून घाल. तिसरीनं व्हिडिओ दाखवला, त्यात कुणी बाई वाळकी अळंबी कुटून घालत होती आणि म्हणत होती, सेम टू सेम. "कोण बघायला येतंय गं?" असं वर आणि. मी म्हटलं, बाई, तुमच्या घरी खपत असेल, माझ्या बापाला नाक आहे.

मग एका सुट्टीला नांदेड गाठलं. इतवाऱ्याच्या बाजारात एका जुन्या दुकानातल्या चाचांनी बरणी पुढं केली. मोठी मोठी पानं, वरून काळी, खालून पांढरी. मी तरी विचारलंच, खरंय ना, दगडावरचंच ना? ते वैतागले. "आपा, पत्थर का फूल पत्थर पे नहीं तो क्या खेत में उगता?" मला हसू आलं. वाटलं, झालं एकदाचं काम.

तशीच गावी गेले. मायनं लगेच कढई ठेवली. परतलं तर अख्खं घर घमघमलं. भावजय मागच्या दारातून आत आली, मायला म्हणाली, "आत्या, हे भारी हाय." मसाला झाला, आमटी झाली, नैवेद्य झाला. अण्णांनी घास घेतला, थांबले, पुन्हा एक घेतला. आम्ही तिघी त्यांच्या तोंडाकडं बघतोय.

"न्हाई," म्हणाले.

"अण्णा, घर भरून वास येऊन राहिला की," मी म्हटलं.

"कशाचा वास? दगडफूल असं असतंय व्हय? तुला दुकानदारानं गंडवलं."

मी उठून मागच्या दारी गेले आणि पाण्याच्या टाकीशी उभी राहून एकटीच बडबडले. बसचा धक्का, गर्दी, सुट्टी वाया, आणि वर गंडवलं!  मायनं दुसऱ्या दिवशी तेच दगडफूल दुप्पट घालून पुन्हा मसाला कुटला. तरी न्हाई. मग आणखी घातलं. मी लातूरला परतले होते, पण फोनवर भावजय सांगायची, "आत्याचं काही खरं न्हाई, सारख्या मसालाच कुटून राहिल्यात."

पुढच्या रविवारी मी गेले तेव्हा भावकीतल्या बायका लग्नाचं बोलायला आल्या होत्या. थोरली चुलती होती, आणखी दोघी-तिघी होत्या. मायनं त्यांना जेवायला बसवलं. आमटी जिभेला लागली आणि माझं तोंड वाकडं झालं. कडूजहर. दगडफूल जास्त झालं की असंच कडू होतं. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं आणि ताक मागून घेतलं. आणि ओसरीवरून अण्णांचा आवाज आला, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"निस्तं कडू केलंस! वास कुठाय? हात गेला तुझा आता."

हात गेला. चार बायांत. चाळीसेक वर्षं भावकीला जेवू घालणाऱ्या बाईला. मी घास तसाच ठेवून ओसरीवर जायला उठले, तर मायनं माझं मनगट धरलं आणि खाली बसवलं. तिचा चेहरा कसा झाला होता ते मला आजही सांगता येत नाही. ती बायकांना भात वाढत राहिली. भात वाढताना ती आपला हात जणू पहिल्यांदाच बघत होती.

बायका गेल्यावर भाऊ म्हणाला, "अक्का, एवढं काय त्यात. आचाऱ्याला सांगू, तयार पाकिटं आणंल तो. कोण एवढं ध्यान देतं लग्नात?"

"तू गप बस," मी म्हटलं. "दगडफूल आणायला कधी गेलास? मोटारसायकल कशाला घेतली, फोटो काढायला?"

तेव्हापासून आमचा अबोला. पण मायच म्हणाली, "आणू दे पाकिटं. अण्णा म्हणतेत म्हंजे गेलाच आसंल हात. पोरीच्या लग्नात लोकांनी ताक मागून मागून जेवायचं का?" आणि मग हळूच म्हणाली, "पर नातीचा येसर माझ्या हातचा न्हाई झाला तर मी मांडवात कोणतं तोंड घेऊन बसू?"

मला रडू यायला लागलं आणि राग पण. राग कुणावर काढायचा तेच कळेना. मी ओसरीवर गेले. अण्णा भिंतीला टेकून बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, आता तुम्हीच सांगा. कुठलं दगडफूल आणू? सांगाल तिथून आणते. पण तिला असं बोलू नका."

 अण्णा म्हणाले, "देगलूरला जा. आमच्या बापाच्या काळी तिथूनच यायचं. तिथलं लई उग्र असतंय. जा बाई, एकडाव तेवढं आण."

गेले. काय करता? रजा टाकली. बसला सीट नाही, शेजारी एकाच्या पिशवीत कोंबडी. सगळ्या रस्त्यानं ती माझ्याकडं बघत होती आणि मला वाटत होतं, हिला पण कळलंय मी कशासाठी चाललेय ते. देगलूरच्या बाजारात तीन भाषा कानावर पडतात. एका दुकानात म्हातारी बसली होती. मी दगडफूल म्हटलं, तिनं मान हलवली. पत्थर का फूल म्हटलं, तिनं आत तेलुगूत कुणाला तरी हाक मारली, "रातिपुव्वु!" आतून पोतं आलं. तिनं पोत्याचं तोंड उघडलं आणि मी मागं सरकले. कच्च्याचाच एवढा वास! पावसाळ्यात जुनं लाकूड फोडल्यावर येतो तसा, पण त्याहून तिखट. ओढणीला तो वास लागला तो लातूरपर्यंत गेला नाही. मनात म्हटलं, आता ह्याच्यावर न्हाई म्हणून दाखवा अण्णा.

येसराच्या दिवशी सकाळीच बायका जमल्या. माय पाकिटांवर राजी झाली होती, पण मी ऐकलं नाही. म्हटलं, एकदा कर, नाही जमलं तर माझ्या नावावर टाक. धान्याचं भाजकं पीठ आदल्या दिवशीच गिरणीतून आलं होतं. गिरणीवाला मसाला दळू देत नाही, पुढच्या माणसाच्या पिठाला वास लागतो म्हणून, त्यामुळे पीठ वेगळं आणि मसाला वेगळा, शेवटी पाटीत एक करायचे. पाटी पिठाची भरून ओसरीवर, अण्णांच्या खुर्चीजवळ ठेवलेली. अंगणात चूल. माय एकेक जिन्नस परतत होती, धने, मिरे, शहाजिरं, खोबरं. दगडफूल शेवटी.

कढईत ते पडलं आणि तेलानं चर्र केलं मात्र, अंगणातल्या बायकांचं बोलणं थांबलं. "अगं बाई!" थोरली चुलती म्हणाली. "कुठलं हे? ह्याला म्हणतेत दगडफूल!" शेजारच्या गच्चीवरून कुणीतरी वाकून विचारलं. नवरी मुलगी शिंकली आणि सगळ्या हसल्या.  मी पहिल्यांदा अण्णांकडं पाहिलं.

चुलीचा धूर सरळ ओसरीवर जात होता. अण्णा खुर्चीत पुढं वाकले होते, डोळे मिटलेले, मान वर. एकदा श्वास घेतला. पुन्हा घेतला, जोरात, छाती फुगेल इतका. मग डोळे उघडले आणि हसणाऱ्या बायकांकडं बघत राहिले. मला वाटलं, वास इतका छान आहे की ते गहिवरलेत. काय मूर्ख असतो माणूस!

माय कढई उतरवून परातीत दगडफूल पसरत होती, गार व्हायला. तेवढ्यात अण्णांनी खुर्चीतून हात खाली नेला, पाटीतली चिमूट उचलली, जिभेवर ठेवली, आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणाले,

"हाव! जमलं! दगडफूल अगदी बरोबर. हिच्या हाताला तोड न्हाई बरं का, मी उगीच बोललो मागं."

अंगणात कुणी हललं नाही. पाटीत नुसतं पीठ होतं. मसाला अजून कुटायचाच होता. त्या पिठात दगडफूल सोडा, मीठ नव्हतं की तिखटाचा कण नव्हता. परात मायच्या हातात होती, काळी पानं तिच्यात चुरचुरत होती. सगळ्या बायकांना ते दिसत होतं. अण्णांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि असता तरी त्यांनी पाहिलं नसतं. त्यांना चवीशी काही देणंघेणंच नव्हतं, त्यांना फक्त तेवढं बोलून टाकायचं होतं.

थोरल्या चुलतीनं तोंड उघडलं. माय तिच्या आधी बोलली. "ऐकलाव ना? जमलंय म्हणले. चला, मुसळाला हळद लावा, ऊन चढायलंय."

बायका लागल्या कामाला. कुणी हसलं नाही, कुणी कुणाच्या कानाला लागलं नाही. मसाला कुटला, पिठात मिसळला, डबे भरले. नवरीची टिंगल पण झाली, थोडी जास्तच झाली. मायनं तेवढा वेळ ओसरीकडं पाहिलं नाही.

दुपारी बायका गेल्या. माय पदर खोचून ओसरीवर गेली. मी दारात. इतकं चिडलेलं मी तिला जन्मात पाहिलं नव्हतं.

"किती दिवस झाले?" ती म्हणाली.

अण्णा खाली बघत होते. "तापातून उठलो तवापासून. कशाचाच येत न्हाई. फुलाचा न्हाई, शेणाचा न्हाई. आधी वाटलं दगडफूलच खोटं हाय. मग वाटलं, देगलूरचं लई उग्र असतंय, ते तरी येईल."

"आणि माझा हात गेला म्हणलाव! चार बायांत! मी रात रात त्या हाताकडं बघत बसले. पोरीला गावोगाव फिरवलं. तोंड नव्हतं का सांगायला?"

मला पण बोलायचं होतं. बस, कोंबडी, रजा, चक्रीफूल, सगळं ओठावर आलं होतं. एकेक काढून त्यांच्यापुढं मांडावं वाटत होतं.

"काय सांगू?" अण्णा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "शेत पोरगं बघतंय. घर तू बघतीस. नाक गेलं म्हणून सांगितलं असतं तर मला कोण इचारलं असतं मग?"

 मायनं खोचलेला पदर सोडला. मला वाटलं, आता ही आणखी बोलणार.

"मी इचारलं असतं," ती म्हणाली. "अहो, मी इचारलं असतं की."